कोरडोबाची एकवीस दारं

चौदा वर्षं चाललेला आमचा खेळ ज्या दुपारी संपला, त्या दुपारची मला अजून किळस येते. वय झालं की जुन्या गोष्टी गोड लागतात म्हणतात. मलाही लागतात. खेळाची पहिली वर्षं आठवली की मी एकटीच हसते आणि सून दारातून डोकावून बघते, म्हातारीला काय झालं म्हणून. पण तोच धागा ओढत गेलं की शेवटी तो तांब्या येतो आणि तोंडाची चव जाते.

आमचं गाव झरीपासून दोन कोसांवर. हे सोसायटीत कारकून होते. शेजारी किशनराव आणि त्यांची बायको पंचफुला. समोरच्या बाजूला हेडमास्तर दिनकररावांचं घर. त्यांची बायको नर्मदाकाकू म्हणजे गावातली कहाणी सांगणारी. श्रावणात शुक्रवारी दुपारी तिच्या ओसरीवर आम्ही बायका जमायचो. काकू पोथी बघून कधी सांगत नसे. नदी सांगितली की तिच्या हातातून नदी वाहायची, वाघ सांगितला की पंचफुला पाय वर घेऊन बसायची.

१९८० च्या श्रावणात गावाच्या उपकेंद्रावर नवीन नर्सबाई आल्या. सुलाबाई. मूळच्या पूर्णेच्या, यजमान सिताराम तिथंच रेल्वेत. वय चव्वेचाळीस, उंच, आवाज खणखणीत. त्या बौद्ध होत्या हे त्यांची ट्रंक बसमधून उतरायच्या आधी गावाला माहीत झालं होतं. दोनच वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात काय काय झालं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. आमच्याकडं काही झालं नाही असं आम्ही अभिमानानं म्हणायचो. झालं नाही यात आमचा हात काय होता, ते मला आजवर कळलेलं नाही.

त्या शुक्रवारी सुलाबाई लसीच्या पोरांची नावं लिहायला आल्या आणि ओसरीच्या कडेला, खांबाला टेकून बसल्या. काकूची कहाणी रंगात आली होती. सासूनं सुनेला चाळणीत पाणी आणायला रानात धाडलं, सून रडत रडत निघाली.

"आन ती गेली?" सुलाबाई मधेच म्हणाल्या.

कहाणीत मधे कोणी बोलत नसतं. काकू थांबली. "मग काय करील बापडी?"

"चाळणीला आतून मेण लावायचं. मी असते तर लावलं असतं."

बायका हसल्या. काकूला राग यायला हवा होता, पण तिचे डोळे चमकले. "लाव की. मेण कुठून आणशील?"

"पोळं काढीन."

"माशा चावल्या तर?"

कोनाड्यात सारीपाटाच्या कवड्या होत्या. काकूनं सहा कवड्या सुलाबाईंच्या पुढ्यात टाकल्या. "फेक. तीन उताण्या पडल्या तर पोळं तुझं. न्हाई पडल्या तर तोंड सुजवून घरी जा."

चार उताण्या पडल्या. त्या दुपारी ती सून सासरी परत गेलीच नाही. ती रानातून पुढं गेली, एका कोरड्या नदीच्या पात्राला लागली आणि तिथं तिला कळलं की नदी आटलेली नाही. एका अजस्र सरड्यानं ती गिळली आहे आणि सात दारांच्या आत तो पोट धरून बसला आहे. त्या सरड्याचं नाव पंचफुलानं ठेवलं. कोरडोबा.

श्रावण संपला, बाकीच्या बायका पांगल्या. आम्ही चौघी मात्र शुक्रवारी दुपारी बसतच राहिलो. सांगणारी नर्मदाकाकू, खेळणाऱ्या आम्ही तिघी. प्रत्येकीनं आपापलं माणूस घेतलं. पंचफुलाचा ढाण्या पैलवान, बारा भाकरी खाल्ल्याशिवाय न लढणारा. माझी चांदणी, कुठलंही कुलूप उघडणारी चोरटी. घरात मी चहाच्या डब्याचं झाकणसुद्धा सासूला विचारून उघडायची, म्हणून असेल. सुलाबाईंची बिजली, तिरंदाज. काकू संकट सांगायची. आपलं माणूस काय करील ते आपण सांगायचं. कवड्या काय ते ठरवायच्या.

सुलाबाईंनी दवाखान्यातून कापड लावलेलं एक जुनं पोस्टर आणलं. पुढून लाल त्रिकोण आणि दोन लेकरांचं कुटुंब, मागून कोरं. त्या कोऱ्या बाजूवर आम्ही निळ्या शाईनं नकाशा काढला. डोंगर, तळघरं, भुतांचा बाजार, मधून गेलेलं नदीचं कोरडं पात्र. पात्र आम्ही नुसत्या दोन रेघांनी काढलं होतं. नदी सुटेल तेव्हा आत शाई भरायची असं ठरलं होतं.

काय दिवस होते! एकदा ढाण्या भुताच्या कैदेत पडला तर पंचफुला घरी जाऊन खरंच जेवली नाही. किशनराव विचारायला आले, "कुसुमवैनी, हिचं आन तुमचं भांडण झालं का?" मी काय सांगणार? मी म्हणाले, "तिचा पैलवान उपाशी हाय." तो माणूस तोंडाकडं बघत परत गेला.

दोन गोष्टी मात्र पहिल्याच वर्षी ठरल्या, आणि त्या नीट सांगायला हव्यात.

एक बांगडीची. सांगणारीचा शब्द शेवटचा, हे खरं. पण प्रत्येकीला सगळ्या खेळात एकदाच, हातातली एक बांगडी काढून नकाशावर ठेवता येईल. बांगडी ठेवली की सांगणारीनं सांगितलेलं मागं घ्यायचं. पंचफुलानं आपली बांगडी त्या कैदेतच उडवली, ढाण्याला भाकरी मिळावी म्हणून. दुसऱ्या वर्षी माझी चांदणी एका अंधाऱ्या विहिरीत पडली. माझ्या सहाच्या सहा कवड्या पालथ्या पडल्या. काकू म्हणाली, "गेली." स्वतःची बांगडी मला सुचलीच नाही. सुलाबाईंनी आपली काढून नकाशावर ठेवली. "न्हाई गेली. बिजलीनं केसाला धरून वर घेतलं." मी रडले. माझी बांगडी तशीच शिल्लक राहिली, शेवटपर्यंत.

दुसरी तांब्याची. पहिल्या दाराशी आमच्या तिघी शपथ घेणार होत्या. काकू सांगण्याच्या भरात होती, डोळे अर्धवट मिटलेले. ती म्हणाली, "आणि तिघींनी नदीच्या पात्रातली रेती उचलली, आणि त्यांची गोष्ट सांगणारी चौथी तिनंही उचलली, आणि म्हणाल्या, ज्या दिवशी नदी सुटेल त्या दिवशी आम्ही चौघी एका तांब्याला तोंड लावून पाणी पिऊ. खेळातलं नव्हे. खरंखुरं, गंगाखेडच्या गंगेचं."

खांबापाशी हालचाल झाली. सुलाबाई सरळ बसल्या होत्या. "खरंखुरं?"

काकूनं डोळे उघडले. समोर कोण बसलं आहे ते तिला तेव्हा दिसलं असावं. पण ती कहाणी सांगणारी होती, आणि कहाणीतला नवस मागं घेता येत नाही. "खरंखुरं," ती म्हणाली.

सुलाबाई नेहमी आपला फिरकीचा तांब्या घेऊन यायच्या. तहान लागली की फिरकी काढून स्वतःचं पाणी प्यायच्या. आम्ही म्हणायचो, नर्सबाई आहेत, उकळलेलं पाणी पितात. किती सोयीचं होतं ते! चहा झाला की काकू म्हणायची, "नर्सबाई चहा घेत न्हाईत, पित्ताचा तरास हाय." सुलाबाईंनी पित्ताचं नाव कधी काढलं होतं, मला तरी आठवत नाही. ओसरीच्या आत त्या कधी आल्या नाहीत. कोणी येऊ नका म्हणालं नाही, आणि कोणी या असंही म्हणालं नाही.

कवड्या सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. पहिल्याच शुक्रवारी घरी आले तर सासूबाई दारात उभ्या. चांगुणाबाई त्यांचं नाव, मोठ्या कडक. "त्या कवड्यांना कुणाकुणाचा हात लागलाय? शिंपड आधी." कोनाड्यात गोमूत्राची बाटली असायची. मी शिंपडलं, पुसलं, पिशवीत घातलं. दर शुक्रवारी. सासूबाई १९८५ साली वारल्या. मी पुढची नऊ वर्षं शिंपडत राहिले. का, ते मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. हात धुवावेत तसं ते झालं होतं.

तिसऱ्या वर्षी आम्ही सातव्या दाराशी पोचलो. तीन वर्षांची मेहनत. सुलाबाई त्या दिवशी जरा नीटनेटकी साडी नेसून आल्या होत्या. त्या यायच्या आधी काकूनं मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"कुसुम, आज कोरडोबा मेला तर गं?"

तिला काय म्हणायचं आहे ते मला लगेच कळलं. इतक्या लगेच कळलं, याचीच आता शिसारी येते. मी तवा उतरवत म्हणाले, "सातव्या दारामागं अजून एखादं दार असंल की, काकू."

काकू हसली. "लय हुशार हायेस बघ."

सात दारांची नऊ झाली, नवांची बारा. काकूला दारं सुचायची कमी पडली की ती माझ्याकडं बघायची, आणि कुलपं माझ्या चांदणीचा प्रांत, म्हणून मी सुचवायची. एक दार आरशाचं केलं, एक नुसत्या आवाजाचं. एक दार असं की त्यातून गेलं की माणूस मागल्या वर्षात जायचं. ते तर दोन वर्षं पुरलं. दारं सुंदर होती, खोटं कशाला बोलू? गावात कोणाला असं काही माहीत नव्हतं जे आम्हा चौघींना माहीत होतं. मला वाटायचं आम्ही गोष्ट वाढवतो आहोत ती गोष्टीच्या प्रेमानं. प्रेम होतंही. म्हणून तर चौदा वर्षं फसवता आलं, आधी स्वतःला.

सुलाबाई नकाशावर नवीन दार काढलेलं बघायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "काकू, सात होती ना?"

"कोरडोबा कपटी हाय, नर्सबाई."

"व्हय. तो तर हायच."

मधल्या वर्षांत त्यांनी पंचफुलाच्या दोन्ही सुनांची बाळंतपणं केली. माझा धाकटा काविळीनं पिवळा पडला तेव्हा तीन रात्री येऊन बसल्या. माझ्या घरात, माझ्या पलंगाशी. तेव्हा त्यांचा हात चालला. तिसऱ्या रात्री त्यांनी माझ्या पोराला चमच्यानं साखरपाणी पाजलं, आणि मी तो चमचा नंतर चुलीतल्या निखाऱ्यात धरला. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

१९९४ ची संक्रांत शुक्रवारी आली. खेळ नव्हता, वाणाची गडबड होती. त्याच दिवशी रेडिओवर विद्यापीठाच्या नावाची बातमी आली. बौद्धवाड्यात सुलाबाईंनी पेढे वाटले असं कळलं. काकू वाण द्यायला आली ती म्हणाली, "दिलं बाई एकदाचं नाव. आता तरी संपलं म्हणायचं." मी तिळगूळ तोंडात टाकला आणि मान हलवली.

पुढच्या शुक्रवारी सुलाबाई आल्या, बसल्या, आणि कवड्या हातात घ्यायच्या आधी म्हणाल्या, "काकू, मी ह्या एकतीस तारखेला रिटायर व्हायले. पूर्णेला जायचं. म्हणजे आता एकच शुक्रवार राहिला. एकवीस दारं झाली. बाविसावं नको. पुढच्या शुक्रवारी कोरडोबाला मारू, नदी सोडू, आन मंग जाते मी."

"आता गं माय," पंचफुला म्हणाली, "म्हणजे खेळ संपला?"

"चौदा वर्षं झाली की वं पंचफुले. तुझा पैलवान म्हातारा झाला."

"त्याला काय धाड भरली!" पंचफुला म्हणाली, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सुलाबाई काकूकडं बघत होत्या. "गंगेचं पाणी कोण आणील? मी आणू?"

"नको, नको," काकू घाईनं म्हणाली. "किशनराव गंगाखेडला जायलेत. पंचफुला मागवून घेईल."

त्या आठवड्यात मंगळवारी काकू माझ्याकडं आली. पाटावर बसली, भाजी निवडू लागली, माझीच मेथी. बराच वेळ देठ मोडत राहिली.

"कुसुम, तुझी एक बांगडी राहिली हाय ना?"

"व्हय, काकू."

"शेवट मी बघते कसा करायचा ते. तू मधे बांगडी ठेवशील का?"

मी विचार केला असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी लगेच म्हणाले, "मी कशाला ठेवू?"

अठ्ठावीस जानेवारीला दुपारी आम्ही चौघी बसलो. मधे नकाशा, चौदा वर्षांत घड्यांवर विरलेला. त्याच्या शेजारी काकूचा घासून लख्ख केलेला तांब्या, काठोकाठ. सुलाबाईंनी आपला फिरकीचा तांब्या पिशवीतून काढलाच नव्हता. ते माझ्या लक्षात आलं. त्या तहानेल्या आल्या होत्या.

ढाण्यानं एकविसावं दार खांद्यानं तोललं. चांदणीनं कुलूप काढलं. माझ्या चार उताण्या पडल्या. आत कोरडोबा. काकूनं त्याचं जे वर्णन केलं तसं तिनं पूर्वी काही सांगितलं नव्हतं. त्याच्या कातड्याखालून नदी वाहताना दिसत होती, मासे दिसत होते, बुडालेली गावं दिसत होती. पंचफुलानं पाय वर घेतले. साठीकडं झुकलेली बाई!

"बिजलीचा एकच बाण उरलाय," काकू म्हणाली. "सहाच्या सहा उताण्या पडायला पाहिजेत. एक जरी पालथी पडली तरी न्हाई."

चौदा वर्षांत सहा उताण्या कोणाच्या पडल्या नव्हत्या. काकूचा भरवसा त्यावरच होता. सुलाबाईंनी कवड्या ओंजळीत घोळवल्या आणि सोडल्या. पाच तिथंच उताण्या पडल्या. सहावी कडेवर फिरत नदीच्या पात्रापर्यंत गेली, थांबली, आणि उताणी झाली.

पंचफुला ओरडली. मीही ओरडले. खरं सांगते, त्या क्षणी मला फक्त आनंद झाला होता. मी सुलाबाईंचं मनगट धरलं. खेळात मी ते शंभरदा धरलं होतं.

काकूनं बोटानं सहाही कवड्या मोजल्या. मग ती हळू आवाजात बोलू लागली. "कोरडोबा मेला. त्याचं पोट फाटलं. पण नदी बाहेर येईना."

"का?" सुलाबाई म्हणाल्या.

"जुनी नदी. इतकी वर्षं कोंडलेली. तिला माणूस लागतं." काकूचं हे सोंग नव्हतं, तिला खरंच भरून आलं होतं. "जी सगळ्यांत शूर, जिच्या बाणानं राक्षस मेला, तिनंच पुढं व्हायला पाहिजे. बिजलीनं धनुष्य खाली ठेवलं. मागं वळून आपल्या सख्यांकडं बघितलं. हसली. आणि तिनं पात्रात उडी घेतली. तिच्या रक्तामागून नदी आली. आजपण त्या नदीला बिजली म्हणतात."

तळ्याला पाणी लागेना म्हणून सून बळी देतात त्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकलेल्या. आम्हाला त्या गोड वाटायच्या. पंचफुला पदरानं डोळे पुसत होती. मीसुद्धा रडत होते, आणि रडता रडता मी म्हणाले, "काकू, किती सुंदर शेवट केलात."

सुलाबाई म्हणाल्या, "मी उडी घेतली म्हणाले न्हाई."

"सांगणारीचा शब्द शेवटचा, नर्सबाई."

"आपल्या माणसाचं आपण सांगायचं. हा कायदा तुमचाच हाय."

"शेवटी शेवटी काय तकरार करता? केवढा मान दिलाय मी बिजलीला."

सुलाबाईंनी माझ्या हाताकडं बघितलं. तोंडाकडं नाही, हाताकडं. संक्रांतीला भरलेला हिरवा चुडा होता, दोन्ही हातांत बारा बारा. चोवीस बांगड्या. एक काढायची होती. विहिरीतून मला वर काढताना त्यांनी किती वेळ घेतला होता? क्षणसुद्धा नाही. मी हात उचलला आणि पदर नीट केला. तांब्याच्या कडेवर चार बायकांचे ओठ लागलेले माझ्या डोळ्यांसमोर आले, आणि नऊ वर्षांपूर्वी मेलेली सासू. मी हात पदराखाली घेतला.

त्यांनी मागितली नाही. मागितली असती तर मी दिली असती का, हे मी आजवर हजारदा स्वतःला विचारलं आहे, आणि दर वेळी वेगळं उत्तर दिलं आहे.

"बरं," सुलाबाई म्हणाल्या. "मेली बिजली. मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात. तुमच्यात घालतात, आमच्यात पण घालतात. शूर होती म्हणताव ना? मंग घाला पाणी."

हे काकूला सुचलेलं नव्हतं. तिनं तांब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. दाराची वेळ होती आणि मला दार सुचेना. मग ती पंचफुलाला म्हणाली, "घाल गं पंचफुले. वरून घाल."

पंचफुलाच्या मनात कपट नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते. तिला जे लहानपणी शिकवलं होतं तेच तिनं केलं. ती उठली, तांब्या उचलला, नकाशापलीकडून वाकली, हात उंच धरला. "नर्सबाई, ओंजळ करा."

सुलाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. पंचफुलाचे दोन नातू त्यांच्या हातांत जन्मले होते. त्यांनी हात थोडे पुढं केले, आणि मला वाटलं त्या आता पितील, वरून ओतलेलंसुद्धा पितील, आणि हे एकदाचं निभेल. मला तेव्हा हायसं वाटलं. मग त्यांनी हात काढून घेतले.

पंचफुलानं तांब्या कलता केलेला होता. पाणी नकाशावर पडलं. निळी शाई सुटली. दोन रेघांमधलं कोरडं पात्र भरलं, फुगलं, दारं एकामागून एक पुसट होत गेली, भुतांचा बाजार वाहून गेला आणि खालून लाल त्रिकोण उमटू लागला.

"आता गं माय!" पंचफुला तांब्या हातात धरून म्हणाली. "नदी सुटली की!"

सुलाबाईंनी पिशवीतून आपला फिरकीचा तांब्या काढला. फिरकी उघडली, घोट घोट करत पाणी प्याल्या, तोंड पुसलं, फिरकी लावली. मग उठल्या. "काकू, चौदा वर्षं लय चांगली गेली. तुमच्यासारखं सांगणारं कुणी न्हाई, हे मी पूर्णेतपण सांगते." पायात चप्पल घालता घालता त्या थांबल्या. "पण इतकी दारं लावायची गरज नव्हती. पहिल्याच वर्षी, न्हाई जमणार म्हणला असताव तर मी समजून घेतलं असतं. खेळायला तरी आले असते."

त्या गेल्यावर काकू म्हणाली, "बघितलंस? किती केलं तरी यांना कमीच." आणि ओला नकाशा बोटाच्या चिमटीत उचलून तिनं न्हाणीच्या बाजूला टाकला.

मी कवड्या घेऊन घरी आले. पिशवी कोनाड्यात ठेवायला हात वर केला आणि सवयीनं बाटली उचलली. बूच काढलं. तो वास नाकात गेला आणि मला उमासा आला. परसात जाऊन मी सकाळी खाल्लेल्या तिळगुळासकट सगळं ओकले. सूनबाई, म्हणजे तेव्हा नवी होती, धावत आली. मी म्हणाले, पित्त झालंय. सुलाबाईंच्या नावावर आम्ही ठेवलेलं पित्त.

सोमवारी सकाळी मी त्यांच्या क्वार्टरवर गेले. कवड्यांची पिशवी पदराखाली. यजमान सिताराम सामान बांधायला आले होते. गाद्यांच्या वळकट्या, ट्रंक, स्टोव्ह. दाराशी माठ अजून भरलेला होता, त्यावर पेला पालथा. मी कोणाला न विचारता पेला भरला, तोंड लावून प्याले, सगळा. मला तेव्हा काय हवं होतं? सुलाबाईंनी मला जवळ घ्यावं, डोळे पुसावेत, असंच काहीसं माझ्या मनात होतं.

त्या वळकटीची दोरी ओढत होत्या. "तहान लागली होती का, कुसुमबाई?"

"न्हाई."

"मंग कशाला प्यालात?"

मी पिशवी पुढं केली. "ह्या कवड्या तुमच्याकडं असू द्या."

त्यांनी गाठ मारली, हात झटकले. पिशवीला हात लावला नाही. "नको. त्यांना गोमूत्राचा वास येतो."

मी पिशवी मागं घेतली.

"पहिल्यापासून येतो," त्या म्हणाल्या, रागानं नाही, एखाद्या पेशंटला ताप सांगावा तशा. "मी नर्स हाय, बाई. आयुष्य वासातच गेलं. मला वाटायचं सासूबाई करत असतील. त्या वारल्या, मंग कळलं."

"तरी तुम्ही येत राहिलात?"

"गोष्ट चांगली होती," त्या म्हणाल्या. मग यजमानांकडं वळल्या, "अहो, ती ट्रंक आधी घ्या, गाडी यायची वेळ झाली."

एसटी आली. सामान टपावर चढलं. मी पिशवी धरून रस्त्याच्या कडेला उभी होते. खिडकीतून त्यांनी हात केला, सगळ्यांना करतात तसा. माझ्या मागं दवाखान्याची दाई उभी होती, तिलाही त्यात घेतलं. गाडी झरीच्या बाजूला वळली.

कवड्या अजून माझ्याकडं आहेत, डब्यात. नात मागते, मी देत नाही. त्या जानेवारीतला हिरवा चुडा नंतर एक एक करून फुटत गेला. कुठली बांगडी कधी फुटली ते मला आठवत नाही. बाकी सगळं आठवतं.